कारणाच्या रकान्यात घर

जयवंत चाळीत अक्षदा राऊळला तिच्या नावाने फारसं कुणी हाक मारत नाही. डिलाईल रोडच्या त्या तीन मजली चाळीत ती 'कॅप्टन' आहे. ती दूध आणायला उतरली की जिन्यातली पोरं टाचा जुळवून सलाम ठोकतात. तळमजल्यावरचा इस्त्रीवाला तिचे कपडे सगळ्यांच्या आधी करून देतो. तिचे वडील गुणाजी राऊळ, सारी हयात बसमध्ये उभ्याने तिकिटं फाडलेला माणूस, अनोळखी माणसाशीसुद्धा तिसऱ्या वाक्याला 'आमची मुलगी लष्करी इस्पितळात कॅप्टन होती' असं सांगून मोकळे होतात.

पोरांचा सलाम अक्षदा हसून घेते. मात्र कुणी मागून येऊन 'कॅप्टन' म्हटलं की तिचा हात आधी कठड्याकडे जातो आणि मग ती वळते. हे चाळीत कुणाच्या लक्षात आलेलं नाही. आईच्या आलं आहे.

त्या मंगळवारी सकाळी मालन राऊळ तव्यावर घावणे घालत होत्या. अक्षदा भिंतीला पाठ लावून चहा पीत बसली होती. ती नेहमी तशीच बसते.

"आज काम होतला मा गो बाय?" गुणाजींनी पेपरातून डोकं वर काढलं.

"बघूया बाबा. कमिटीसमोर बोलावलंय."

"साहेब लोकांनी बोलावला म्हणजे झालाच समज. तिकडच्या थंडीनं तुझा डोक्या धरलान, झोप उडवलान, तां काय तुझ्या हौसेनं? सरकारान औषध देवक होया."

अक्षदाने आईकडे पाहिलं. मालननी घावणा उलटला आणि मान वर केली नाही. थंडीची गोष्ट त्यांचीच होती. मुलगी दोन वर्षांपूर्वी नोकरीची मुदत संपवून परत आली, रात्रभर दिवा जाळून झोपू लागली, एकामागून एक तीन खासगी इस्पितळांतल्या नोकऱ्या सोडून आली, तेव्हा काहीतरी कारण सांगणं भाग होतं. मालननी बर्फ सांगितला. चाळीला बर्फ पटला. गुणाजींनाही पटला, कारण त्यांनी बर्फ कधी पाहिला नव्हता.

खरी गोष्ट वेगळी होती. उत्तरेकडच्या एका छावणीच्या इस्पितळात, अक्षदा नर्स म्हणून ज्याच्या हाताखाली काम करत होती त्या वरिष्ठ डॉक्टरने एकदा ड्यूटी-रूमचं दार आतून लावलं. पुढचं इथे लिहायची गरज नाही. ज्याला समजायचं त्याला एवढ्याने समजतं. तिने मोठ्या सिस्टरांना सांगितलं. त्या भल्या बाई होत्या, त्यांचे डोळेही भरून आले. मग त्या म्हणाल्या, "बाळा, तुझा वार्षिक शेरा तोच लिहितो." अक्षदाने उरलेली नोकरी त्याच इस्पितळात, त्याच माणसाला 'सर' म्हणत पुरी केली. निरोपाच्या समारंभात त्याने तिला फुलं दिली. तिने ती घेतली.

हे सगळं परत आल्यावर तिने एकाच माणसाला सांगितलं होतं, आईला. मालननी पोरीला छातीशी धरलं, खूप रडल्या आणि डोळे पुसून म्हणाल्या, "हेंका सांगू नको. हेंचां बीपी ठाऊक आसा ना तुका? आणि तुझा लगीन व्हावचा आसा." मायेपोटीच म्हणाल्या त्या. आपल्याकडे कितीतरी तोंडं मायेनेच बंद होतात, आणि म्हणून ती उघडणं इतकं अवघड जातं.

मग एक दिवस माजी सैनिकांच्या साहाय्य कार्यालयात, दुसऱ्याच कसल्यातरी कामाला गेली असताना, अक्षदाला एक नवी पाटी दिसली. 'सेवेत असताना लैंगिक गैरवर्तन सोसलेल्या माजी सैनिकांसाठी साहाय्य कक्ष.' खाली बारीक अक्षरांत समुपदेशन, उपचार, उपचारांना मंजुरी असं बरंच काही लिहिलेलं होतं. ती जिन्यात बसून रडली. आपल्याबाबतीत घडलं त्याला एक नाव आहे, ते नाव सरकारने भिंतीवर रंगवून घेतलं आहे, एवढ्यानेच तिला धीर आला. घरी येताना तिने दादरला उतरून आईसाठी अबोलीचा गजरा घेतला. फार महिन्यांनी घेतला होता.

पाटीच्या मागचं दार मात्र कुलूपबंद होतं. आत जुनी कॅलेंडरं आणि मोडक्या खुर्च्या ठेवल्या होत्या. समुपदेशक बाईंची नेमणूक 'प्रक्रियेत' होती. ती त्या दिवशीही प्रक्रियेत होती आणि त्यानंतर प्रत्येक वेळी. अक्षदाने अर्ज तेवढा बाहेरच्या खिडकीत दिला.

*

"मिस्टरांचा सर्व्हिस नंबर सांगा," खिडकीतल्या कारकुनाने त्या मंगळवारी विचारलं.

"नंबर माझाच आहे."

"म्हणजे तुम्ही विधवा कोट्यात?"

"मी विधवा नाही. माझं लग्न झालेलं नाही. मी स्वतः नोकरीत होते."

"अच्छा, अच्छा, सिस्टर." तो ओशाळून हसला. "राग मानू नका. इथे बाईमाणूस येते ती नवऱ्याच्या मागे येते, म्हणून तोंडात बसलंय. बसा तुम्ही, साहेब बोलावतील."

साहेबांनी दुपारी बोलावलं. कमिटीत तिघं होते, तिघंही निवृत्त अधिकारी, तिघंही पुरुष. मधले कर्नल रघुवीर राजाध्यक्ष. दादरला राहणारे, पांढऱ्या मिशांचे, आवाजाने मऊ. ते तिला 'बेटा' म्हणाले, तिच्यासाठी चहा मागवला. सगळं इतकं सौजन्याने चाललं होतं की अक्षदाला क्षणभर वाटलं, होईल.

"बेटा, तुझा अर्ज वाचला. फार वाईट वाटलं. आता उपचार मंजूर करायचे तर दुखणं नोकरीमुळे आलं असा दाखला लागतो. त्यावर तुझ्या तेव्हाच्या वरिष्ठांची सही आण. की झालं."

"सर, अर्जात लिहिलंय मी. तेव्हाचे वरिष्ठ म्हणजेच ते."

"हो, तेही वाचलं."

"मग त्यांची सही मी कशी आणू?"

कर्नलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. उजवीकडचे गृहस्थ खिडकीबाहेर बघू लागले. डावीकडचे म्हणाले, "तेव्हा चौकशी झाली असती तर तिचे कागद चालले असते. चौकशी झाली का?"

"नाही झाली."

"का नाही झाली?"

"कारण मी तक्रार दिली असती तर ती त्यांच्याच टेबलावर गेली असती."

"हे बघ बेटा," राजाध्यक्ष म्हणाले, "ही जागा न्यायनिवाड्याची नाही. ते पोलिसांचं काम, किंवा तुमच्या युनिटचं. आम्ही फक्त मदत करतो. आणि मला तुला मदत करायची आहे, मनापासून. एक मार्ग आहे. कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक ताण' लिही. आज सही करतो. उद्यापासून डॉक्टर."

अक्षदाला आधी नीट कळलंच नाही. "कौटुंबिक?"

"म्हणजे घरचा. चाळीतली खोली, वडील निवृत्त, तुझं लग्न राहिलेलं. कुणी शंका घेणार नाही. शब्दाला काय धरून बसायचं? औषध तर तेच मिळणार."

तिने चहाचा कप खाली ठेवला. तिच्या डोळ्यांसमोर तिच्या घरची ती एक खोली उभी राहिली, जिथे ती दिवा लावून झोपते म्हणून तिचे वडील आपल्या डोळ्यांवर गमछा टाकून झोपतात आणि आजवर एका शब्दाने बोललेले नाहीत. ती म्हणाली, "मी हे लिहिणार नाही, सर."

"विचार कर. घाई नाही," कर्नलसाहेब हसून म्हणाले. त्यांना खरंच घाई नव्हती.

संध्याकाळी गॅलरीच्या टोकाला, वाळत घातलेल्या चादरीआड उभं राहून तिने आईला सगळं सांगितलं.

"लिव मगे," मालन हलक्या आवाजात म्हणाल्या. "काय फरक पडता? औषध गावल्याशी काम."

"आई, फरक असा पडतो, की मला आजारी कुणी केलं तर तुम्ही. तू आणि बाबांनी. हे सरकारदरबारी कायमचं लिहिलं जाणार, आणि त्याचं नाव कुठेच नाही."

"आमचा नाव लागला तर लागांदे गो. आमका कोण इचारता?"

"मी विचारते ना."

मालननी चादर उगाचच चिमट्याने पुन्हा पक्की केली. "तुझ्या भावाक आजच एक स्थळ सांगून इलेलां आसा तुझ्यासाठी. माझगावचा. गप रव चार दिवस. बाय माझी."

अक्षदा गप्प राहिली. तिला त्याची सवय होती.

*

फाईल अडली आहे एवढं मात्र गुणाजींच्या कानावर आलं, आणि दादरच्या राजाध्यक्ष साहेबांकडे अडली आहे हेही. ते सुशांतने बाहेरून शोधून काढलं. सुशांत हा अक्षदाचा धाकटा भाऊ. विम्याच्या ऑफिसात नोकरी आणि चाळीच्या उत्सव मंडळाचा सेक्रेटरी.

गुणाजींना ऐकून बरंच वाटलं. अडलेलं काम कसं हलवायचं हे त्यांना ठाऊक होतं. कंडक्टर असताना डेपोतली बदली अडली की ते साहेबांना चाळीच्या सत्यनारायणाला बोलवत. शाल, श्रीफळ, घरच्या लेकीसुनेच्या हातून औक्षण, माइकवरून दोन शब्द. साहेब खूश होऊन जात आणि आठवड्यात कागद हाले. लाच दिली असं त्यांच्या मनात कधी आलं नाही. त्यांच्या लेखी तो मान होता, आणि मान दिल्यावर माणूस आपला होतो. गिरणगावात पिढ्यान् पिढ्या माणसं कामं अशीच करत आली आहेत, आणि खोटं कशाला बोला, पुष्कळदा झालीही आहेत.

"सुश्या, कीर्तनाक बोलवया तेंका," ते म्हणाले.

चाळीच्या आवारात विठ्ठल-रखुमाईचं छोटं देऊळ आहे. त्याच्या वर्धापनदिनाला दर वर्षी गिरगावच्या पद्मजाताई लिमये कीर्तन करतात. बँकेतून निवृत्त झालेल्या, नऊवारीतल्या, शिडशिडीत बाई. टाळ्यांची अपेक्षा न ठेवता गाणाऱ्या.

"पप्पा, कीर्तनाला कशाला? ताईला विचारलंस का?"

"तिका कशाक? ती नको म्हणतली, लाजतली. आपण परस्पर करू. तिच्याच हातून ओवाळूचा. मगे बघ, फाईल कशी धावता ती."

"ओके," सुशांत म्हणाला. "चीफ गेस्ट म्हणून बॅनरवर टाकतो. आर्मीचा माणूस आहे, वर्गणीला पण बरं पडेल."

मालननी हे ऐकलं. पीठ मळता मळता त्यांचे हात थांबले. बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं, म्हणून त्यांनी पुन्हा पीठ मळायला घेतलं.

*

कीर्तनाचा पूर्वरंग त्या दिवशी असा रंगला की पेटीवाल्याने डोळे मिटून घेतले होते. पद्मजाताईंनी निरूपणाला विषय घेतला होता नैवेद्याचा. "आपण देवाला ताट दाखवतो," त्या सांगत होत्या, "वाफाळतं, चांगलंचुंगलं. दुखणं मात्र दाखवत नाही. ते पदराखाली धरून उभे राहतो आणि वर म्हणतो, देवा तू अंतर्यामी आहेस, समजून घे. अरे, वैद्याकडे जाऊन कुणी जखम झाकतं का? आणि घरातली माणसं? ती तर आपल्याला झाकायला मदत करतात." एक झांज वाजली आणि त्यांनी चाल धरली. मागे भिंतीशी बसलेल्या अक्षदाचे ओठ त्या चालीवर हलत होते. कीर्तनात बसली की तिला बरं वाटे. तिथे सगळे पुढे बघून बसतात आणि तिच्या मागे भिंत असते.

पूर्वरंग संपला. पद्मजाताईंना हार घातला, बुक्का लावला. खरं तर तिथून थेट उत्तररंगात, कथेत शिरायचं असतं. सूर लागलेला असतो, माणसं जमिनीपासून चार बोटं वर उचललेली असतात. पण अलीकडे मंडळांना नेमकी हीच घटका सत्कारांसाठी सापडते. बोलणारी बाई घामाने निथळत उभी, आणि माइक सेक्रेटरीच्या हातात.

"एक छोटीशी घोषणा," सुशांतने माइकवर फुंकर मारली. "आपल्यात आज आलेले आहेत, निवृत्त कर्नल रघुवीर राजाध्यक्ष साहेब. साहेबांसाठी खुर्ची, प्लीज."

पांढरं कापड घातलेली खुर्ची देवासमोर आली. कर्नलसाहेब कोटात होते. त्यांनी देवाला नीट हात जोडले, मग लोकांना.

अक्षदा उठून उभी राहिली होती. मागच्या मागे जिन्याकडे निघणार एवढ्यात तिचं नाव ऐकू आलं.

"साहेबांचं औक्षण करतील आपल्या चाळीची शान, कॅप्टन अक्षदा राऊळ. ताई, ये पुढे."

टाळ्या पडल्या. दोन काकूंनी तिला हाताने पुढे सारलं. मालननी ताम्हण तिच्या हातात दिलं. निरांजन, कुंकू, सुपारी, अक्षता. अक्षदा ताम्हण घेऊन खुर्चीपर्यंत गेली. साहेब ओळखीचं हसले. "बेटा, तुझ्या वडिलांनी फार आग्रह केला. तुझं काम माझ्या लक्षात आहे."

तिने ताम्हण देवळाच्या पायरीवर ठेवलं.

"मी यांना ओवाळणार नाही," ती म्हणाली.

सुशांत माइक घेऊन शेजारीच उभा होता, त्यामुळे ते मागच्या गॅलरीपर्यंत ऐकू गेलं.

"अगो, साहेब आसत ते," गुणाजी शाल घेऊन पुढे झाले. "तुझ्याच कामाक इलेत. काय झालां तुका?"

"बेटा, ही जागा नव्हे," कर्नल हळूच म्हणाले. "ऑफिसात बोलू."

"ऑफिसातही तुम्ही हेच म्हणालात, सर. ही जागा नव्हे, पोलिसांकडे जा. पोलीस म्हणतील लष्कराकडे जा. लष्कर म्हणेल मुदत संपली, आता तुम्ही माजी, साहाय्य कार्यालयात जा. मी जागाच शोधतेय." तिचा आवाज चढलेला नव्हता. "माझ्या वडिलांना सांगा, माझ्या आजाराचं कारण काय लिहायला सांगितलंत."

साहेब कोटाचं बटण चाचपू लागले, तशी ती वडिलांकडे वळली.

"यांनी आधी माझ्या तेव्हाच्या वरिष्ठांची सही आण म्हटलं. ती आणता येणार नाही म्हटल्यावर सांगितलं, घरचा ताण लिही. चाळीतली खोली, वडील निवृत्त, कुणी शंका घेणार नाही, असं म्हणाले. तेवढं लिहिलं तर औषध मिळेल."

गुणाजींना ते झेलायला वेळ लागला. ते शाल दोन्ही हातांवर घेऊन उभे होते, जशी अंगावर घालायच्या आधी धरतात तशी.

"घरचो ताण? आमच्या घरान हिका आजारी केल्यान?" त्यांनी बायकोकडे पाहिलं. "काय गो, आपण काय केलाव हिका?"

मालन खाली बसल्या होत्या, बायकांच्या रांगेत. त्या उठल्या. पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या माणसांत बोलल्या.

"घरात काय नाय झालां. खोटां आसा तां. जां झालां तां नोकरीत झालां, तिच्या वरच्या साहेबान केल्यान. बर्फ नाय नि काय नाय. माका पयल्यापासून ठाऊक आसा."

एवढंच. पण बायकांच्या बाजूला एकदम शांतता झाली, आणि ती कळल्याची शांतता होती. त्यांना तपशील लागले नाहीत. पुरुषांच्या बाजूला मात्र कुणीतरी शेजाऱ्याला विचारत होतं, "काय झालं? काय म्हणाली?"

गुणाजींनी शाल घडी घातली. चार घड्या, नीट कड जुळवून. मग ते कर्नलसाहेबांसमोर उभे राहिले आणि शुद्ध बोलायचा प्रयत्न करत म्हणाले, "साहेब, तुम्हाला मी बोलावलं. चूक माझी. माफ करा. पण हो मान मी देवचंय नाय."

"राऊळ, तुमची मुलगी भावनेच्या भरात आहे," राजाध्यक्ष उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. चांगल्या माणसाला आपण चांगले नाही असं चारचौघांत कळलं की होतो तसा. "मी नियम केलेले नाहीत. तिच्या भल्यासाठीच सांगितलं होतं. फाईल नियमाप्रमाणे जाईल." आणि ते गेले. ते खोटं बोलत नव्हते. नियम त्यांनी केले नव्हते. ते फक्त पाळत होते, आणि मोडता येत नाहीत तिथे आपल्याला सोयीचे वाकवत होते.

आवारात कुजबुज उठली. "एवढा मोठा माणूस दारात आलेला." "आता फाईल गेली गटारात." "झालं असेल तर असेल, पण हे माइकवर?" "माझगाववाले आता येतात होय." काहींनी चपला शोधायला सुरुवात केली. सुशांत माइक छातीशी धरून उभा होता आणि तो बंद करायचं बटण त्याला सापडत नव्हतं.

पद्मजाताई चालत अक्षदापाशी आल्या. तिच्या समोर आल्या, मागून नाही. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "उत्तररंग करू, की थांबू? तू सांगशील तसं."

तिला काय हवंय, हे त्या संध्याकाळी पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. अक्षदा म्हणाली, "करा. मी ऐकते."

ताईंनी सुशांतच्या हातातून माइक घेतला. "ज्यांना जायचंय त्यांनी खुशाल जावं," त्या म्हणाल्या. "कीर्तनातून अर्ध्यावर उठू नये म्हणतात. पण सत्कारासाठी आपण कीर्तनच अर्ध्यावर उठवतो, तेव्हा देवाला त्याची सवय आहे. जे बसतील त्यांनी एवढं ध्यानात धरा. ज्याने मारलं त्याच्याकडून मारल्याची पावती आण, असं या मुलीला सांगितलं गेलंय. तिने पावती आणली नाही, तर म्हणाले, आईबापांनी मारलं असं लिही. हे कुठल्या पुराणातलं नाही. हे आपल्या ऑफिसांतलं आहे. यापुढे माझ्या कीर्तनात मध्यंतराला सत्कार होणार नाही. त्या वेळात मी हे सांगेन. ज्या मंडळांना चालणार नाही त्यांनी मला बोलवू नये."

त्या वर्षात त्यांना चार मंडळांनी बोलावलं नाही.

*

त्या संध्याकाळी अर्धेअधिक लोक उठून गेले, पण बसले ते आरतीपर्यंत बसले. बुक्का लावून घेऊन माणसं पांगली, तेव्हा एक मध्यमवयीन माणूस देवळाच्या खांबाशी घुटमळत राहिला. गुरुनाथ धुरी. राहणार घोडपदेव, बहिणीकडे कीर्तनाला आलेला. लष्करातून नाईक म्हणून निवृत्त, आता लोअर परळच्या एका टॉवरवर सुरक्षारक्षक. गुणाजी आणि अक्षदा सतरंज्या गुंडाळत होते.

"मॅडम," तो म्हणाला, "त्या साहाय्य कार्यालयात असल्या गोष्टींसाठी कक्ष आहे म्हणतात. तो लेडीजसाठीच आहे का?"

अक्षदाच्या हातातली सतरंजी तशीच राहिली. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, विठोबाच्या पायांकडे बघत होता.

"नाही," ती म्हणाली. "पाटीवर 'माजी सैनिक' लिहिलंय. बाई-पुरुष काही लिहिलेलं नाही."

"नाय, आपलं असंच विचारलं." मग खांबाला टेकत, "भरती झालो तेव्हा अठराचा होतो. ट्रेनिंगला. बायकोला पण नाय सांगितलं. तिथे काय काय विचारतात?"

"खरं सांगू का? आज तिथे जाऊन काही मिळत नाही. दाराला कुलूप आहे. समुपदेशक नाही. आणि वरिष्ठाची सही मागतात."

धुरी कसंनुसं हसला. "माझा वरिष्ठ वारला. मोठा हार घातला होता त्याला."

गुणाजी बाजूला उभे होते. अठरा वर्षांचा मुलगा, पुरुष, सैनिक. त्यांच्या डोक्यात ते बसत नव्हतं. त्यांच्या जिभेवर काहीतरी आलं होतं, 'अरे पण तू तर...' असं काहीतरी. ते त्यांनी गिळलं. दोन तासांपूर्वी त्यांनी ते बोलून टाकलं असतं.

"मग मी नाय येत," धुरी म्हणाला. "काय उपयोग?"

"उपयोग नाही, म्हणूनच या," अक्षदा म्हणाली. "एक अर्ज गेला तर बाई खोटी. दोन गेले तर निदान नियम वाचावा लागेल त्यांना. आपण सही न आणता जाऊ. कारणाच्या रकान्यात जे झालं ते लिहू. आणि नाही घेत म्हणाले, तर नाही घेत हे लिहून मागू."

"देतील?"

"नाही देणार. पण मागू."

सोमवारी ते गेले. गुणाजीही गेले. कारकुनाने दोन्ही अर्ज वाचले. दुसरा वाचताना त्याने मान वर करून धुरीकडे पाहिलं, पुन्हा खाली घातली, आणि म्हणाला, "साहेब रजेवर आहेत. पुढच्या आठवड्यात या."

"आम्ही बसतो," अक्षदा म्हणाली.

"बसून काय होणार, सिस्टर?"

"कॅप्टन," गुणाजी म्हणाले.

कारकुनाने खांदे उडवले. दुपार झाली, डबे उघडले, डबे मिटले. अर्जावर शिक्का पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मालन तिसऱ्या दिवशी आल्या, भाकरी घेऊन, आणि परत गेल्या नाहीत. माझगावच्या स्थळाने निरोप पाठवला की मुलाचं शिक्षण व्हायचं आहे. मुलगा चौतीस वर्षांचा होता.

वाचकहो, ही गोष्ट इथे गोड करता आली असती. कक्षाचं कुलूप उघडलं, बाई नेमल्या गेल्या, सही नको असा नवा कागद निघाला, असं लिहायला शाई काही जास्त लागत नाही. पण तसं झालेलं नाही. झालंय ते एवढंच, की चौथ्या दिवशी एक अनोळखी मुलगी त्या व्हरांड्यात आली. केस अजून फौजेतल्यासारखे कापलेले. तिने पाटी वाचली, कुलूप पाहिलं आणि परत फिरली. जिन्यापर्यंत गेल्यावर तिने वळून बाकावरच्या त्या चौघांकडे पाहिलं. तिने काही विचारलं नाही आणि त्यांनीही तिला काही विचारलं नाही.

गुणाजी थोडे सरकून बसले.